चित्र न विकता चित्राचे पैसे? टोकन घेतल्यावर नेमकं काय हातात येतं

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरना गेलं. आपल्या पैशांत जवळपास ११८ कोटी रुपये. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराचं १९५४ सालचं हे चित्र एका डॉक्टरने विकत घेतलं होतं आणि पुढे ते ओस्लोच्या रुग्णालयाला मिळालं. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० सालच्या चित्राला सॅफ्रनार्टच्या लिलावात ६७.०८ कोटी मिळाले.

असे आकडे पेपरात आले की फोनवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. पहिला: 'मास्टर चित्रकाराच्या कलाकृतीचा हिस्सा घ्या, फक्त काही हजारांत'. दुसरा थोडा कमी लोकांना येतो: 'तुमच्या घरातलं चित्र न विकता त्यातून पैसे उभे करा'.

हा दुसरा मेसेज माझ्या एका मित्राला आला. पार्ल्याला त्यांच्या घरी एक मोठं कॅनव्हास आहे. आजोबा डॉक्टर होते. मुंबईच्या एका नामवंत चित्रकाराने फीच्या बदल्यात ते दिलं होतं, अशी घरातली आठवण. चित्र आता वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या नावावर आहे आणि त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर आहे. बहिणीला घरासाठी पैसे हवेत, चित्र विकावं असं तिचं म्हणणं. अप्पांना ते नजरेसमोरून हलवायचं नाही. अशात ही २० पानी पीडीएफ आली. "अरे, ४० टक्के विकायचे, ६० आपल्याकडे राहतात. चित्र आपलंच. हे खरंच होतं का? तू जरा वाचून सांग," असं म्हणून त्याने ती मला पाठवली.

वाचली. आणि मग वाटलं, यावर नीटच लिहायला हवं. कारण प्रश्न फक्त त्याचा नाही, समोरून ते ४० टक्के विकत घेणाऱ्यांचाही आहे.

आधी हे चालतं कसं ते बघू

सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१८ चं. अँडी वॉरहॉल यांचं १९८० सालचं '१४ स्मॉल इलेक्ट्रिक चेअर्स' हे चित्र. सिंगापूरच्या मेसेनस या कंपनीने लंडनच्या दादियानी सिंडिकेट या गॅलरीबरोबर ते लिलावात आणलं, पण अख्खं नाही. चित्राची किंमत ५६ लाख डॉलर धरली आणि जास्तीत जास्त ४९ टक्के हिस्सा विकायला काढला. इथेरियमवरचा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट बोली घेत होता, पैसे बिटकॉइन किंवा इथरमध्ये देता येत होते. शेवटी ३१.५ टक्के हिस्सा गेला आणि साधारण १७ लाख डॉलर उभे राहिले.

मालकाच्या बाजूने हा व्यवहार बघा. चित्र लिलावात पूर्ण विकलं असतं तर ते हातचं गेलं असतं. चित्र तारण ठेवून कर्ज काढलं असतं, तर व्याज आलं असतं. परदेशात हा धंदा चांगला मोठा आहे. सदबीजने २०२४ मध्ये चित्रांवर दिलेल्या कर्जांचे रोखे काढून तब्बल ७० कोटी डॉलर उभे केले. पण कर्ज म्हटलं की परतफेड आली, आणि चित्राचा भाव पडला तर बँक आणखी तारण मागणार. टोकन विकून आलेल्या पैशांवर व्याज नाही, हप्ता नाही, परतफेडीची तारीख नाही. ६८.५ टक्के हिस्सा आणि त्याबरोबर येणारं वजन जुन्या मालकाकडेच.

म्हणून तर ही कल्पना चित्रांच्या मालकांना इतकी आवडते. मालकाची जोखीम ३१.५ टक्क्यांनी हलकी झाली आणि ती टोकन घेणाऱ्यांच्या अंगावर गेली. याला फसवणूक म्हणता येणार नाही. शेअर बाजारात प्रवर्तक आपला हिस्सा विकतात तेव्हाही हेच होतं. फरक एवढाच की कंपनी निदान धंदा करते, नफा झाला तर लाभांश देते. चित्र भाडंही देत नाही, व्याजही देत नाही. उलट विमा, साठवण, तापमान नियंत्रण यांचा खर्चच खातं. टोकन घेणाऱ्याला पैसे मिळायचे दोनच रस्ते: पूर्ण चित्र जास्त भावाने विकलं गेलं, किंवा तुमचं टोकन दुसऱ्या कुणी जास्त भावाने घेतलं.

शेअर सर्टिफिकेट आहे, कन्व्हेयन्स झालंय का?

टोकन म्हणजे चित्राचा तुकडा नव्हे. ब्लॉकचेन ही एक वही आहे. तिच्यात कुठल्या पत्त्यावर किती टोकन आहेत एवढंच लिहिलेलं असतं. वही भारी आहे, कुणाला मागाहून खाडाखोड करता येत नाही. पण चित्र त्या वहीच्या बाहेर, एखाद्या गोदामात लाकडी खोक्यात असतं.

मग दोघांना जोडतं कोण? वकिलाचे कागद. बहुतेक वेळा चित्रासाठी एक वेगळी कंपनी काढतात, चित्र तिच्या नावावर करतात आणि त्या कंपनीतल्या हिश्शाचं टोकन बनवतात.

मुंबई-पुण्यात सोसायटीत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. तुमच्याकडे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असतं. पण बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर केलेलीच नसेल, म्हणजे कन्व्हेयन्स झालेलं नसेल, तर पुनर्विकासाच्या वेळी काय तमाशा होतो ते आपण बघतो. सर्टिफिकेट खरं असतं, त्यावरचा शिक्काही खरा असतो, फक्त ज्या जमिनीवर सगळं उभं आहे ती दुसऱ्याच्या नावावर असते. टोकनचंही तेच. टोकन ब्लॉकचेनवर अगदी बिनचूक नोंदलेलं असेल, पण चित्राची मालकी त्या कंपनीकडे कायद्याने आली आहे का, हे ब्लॉकचेन सांगू शकत नाही.

कन्व्हेयन्स नीट झालेलं उदाहरणही आहे. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिग्नम बँकेने आर्टेमुंडी या कला-गुंतवणूक कंपनीबरोबर पिकासो यांचं १९६४ सालचं 'फियेत ओ बेरे' टोकनमध्ये आणलं. ४,००० टोकन, प्रत्येकी १,००० स्विस फ्रँक. पण महत्त्वाची गोष्ट बँकेच्या बाहेर घडली होती. त्याच वर्षी स्वित्झर्लंडने कायदा बदलून ब्लॉकचेनवरच्या नोंदीला रोख्याचा दर्जा दिला होता. म्हणजे टोकन हस्तांतरित झालं की हक्कही हस्तांतरित, वेगळा कागद लागत नाही. शिवाय विकणारी संस्था परवाना असलेली बँक. तंत्रज्ञान मेसेनसचंही तसंच होतं, मजबुती आली ती कायद्याने.

त्याच वर्षी पार्टिकल या कंपनीने बँक्सी यांचं 'लव्ह इज इन द एअर' सदबीजमधून १ कोटी २९ लाख डॉलरना घेतलं आणि १०० बाय १०० चौकोन पाडून १०,००० एनएफटी केले. एका चौकोनाला साधारण १,५०० डॉलर. ते मला गुंतवणुकीपेक्षा मित्रांना दाखवायची मौज वाटते, त्यामुळे इथे फार बोलत नाही.

ब्लॉकचेन जिथे खरंच उपयोगी पडली असती

टोकनवाल्यांवर फक्त टीका करणं बरोबर नाही. इनिगो फिलब्रिक या कला व्यापाऱ्याचं प्रकरण बघा. लंडन आणि मायामीत गॅलऱ्या, श्रीमंत गिऱ्हाइकं, सगळं झकास. हा माणूस एकाच चित्राचे हिस्से वेगवेगळ्या लोकांना विकत होता आणि सगळ्यांची बेरीज १०० टक्क्यांच्या वर जात होती. वर तीच चित्रं तारण ठेवून कर्जंही काढत होता. २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली आणि ८ कोटी ६० लाख डॉलर जप्त करण्याचा आदेश दिला.

इतकी वर्षं हे चाललं कारण कलाबाजारात मालकीची सार्वजनिक नोंद नाही. जमिनीला निदान सातबारा आहे, चित्राला काहीच नाही. सगळा व्यवहार ओळखीवर, फोनवर, ईमेलवर. हिस्से जर एकाच उघड वहीत असते, तर १०१ वा टक्का विकताच आला नसता. हा फायदा खरा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तो एकमेव ठोस तांत्रिक फायदा आहे.

पण अट आहे: सगळे हिस्से त्याच वहीत हवेत. मालकाने उद्या तेच चित्र टोकनबाहेर, साध्या कागदावर दुसऱ्याकडे गहाण टाकलं तर ब्लॉकचेनला पत्ता लागत नाही. चित्र नकली निघालं, गोदामात पाणी शिरलं, तरीही वहीत ४,००० टोकन जसेच्या तसे. या अडचणीला तंत्रज्ञानाच्या भाषेत 'ओरॅकल प्रॉब्लेम' म्हणतात. बाहेरच्या जगातली गोष्ट वहीला कुणीतरी माणसानेच सांगावी लागते, आणि मग त्या माणसावर विश्वास ठेवणं आलंच.

परताव्याचा हिशेब

जाहिरातीत नेहमी विक्रमी लिलावांचे आलेख असतात. त्यात एक मेख आहे. जी चित्रं चढली, ती पुन्हा लिलावात येतात. जी चढली नाहीत ती घरात पडून राहतात आणि आलेखात दिसतच नाहीत. कोर्टवेग, क्रॉयस्ल आणि फरवाइमेरन या तीन संशोधकांनी १९६० ते २०१३ दरम्यान पुन्हा पुन्हा विकल्या गेलेल्या ३२,९२८ चित्रांवरून हा दोष काढून टाकला, तेव्हा वर्षाचा सरासरी परतावा ८.७ टक्क्यांवरून ६.३ टक्क्यांवर आला.

आता त्यात फी घाला. अमेरिकेतली मास्टरवर्क्स ही कंपनी २०१७ पासून चित्रांचे हिस्से विकते, तेही तिथल्या बाजार नियामकाकडे रीतसर कागद दाखल करून. तिची नेहमीची रचना वर्षाला १.५ टक्के आणि शेवटी नफ्यातले २० टक्के अशी आहे. वर्षाची फी ती नव्या हिश्शांच्या रूपात घेते, म्हणजे तुमचा वाटा दरवर्षी थोडा पातळ होतो. तिची यशस्वी उदाहरणं आहेत. बँक्सी यांचं 'मोना लिसा' सुमारे १० लाख ४० हजार डॉलरना घेऊन तिने २०२० मध्ये १५ लाखांना विकलं. पण सरासरी धरा. ६.३ टक्क्यांनी वाढणाऱ्या चित्रात एक लाख रुपये दहा वर्षं ठेवले तर १ लाख ८४ हजार होतात. पातळ झालेल्या वाट्यामुळे ते १ लाख ५९ हजारांच्या आसपास येतात, आणि नफ्यातले २० टक्के गेले की तुमच्या हातात साधारण १ लाख ४७ हजार. वर्षाला चार टक्केही पडत नाहीत. हा ढोबळ हिशेब आहे, सुरुवातीचे खर्च आणि कर यात धरलेले नाहीत.

'टोकन असल्यामुळे कधीही विकता येईल' हे वाक्य त्या पीडीएफमध्ये तीन वेळा होतं. विकता येईल हे तांत्रिकदृष्ट्या खरं. घेणार कोण? एकाच चित्राची टोकन घेणारे जगात पन्नास-शंभर लोक असतील, तर बाजार म्हणजे तेच पन्नास-शंभर लोक.

आपल्याकडे हे आधी होऊन गेलंय

ब्लॉकचेनचं नावही नव्हतं तेव्हा, २००६ मध्ये, मुंबईच्या ओसियान्सने आर्ट फंड काढला. साडेसहाशेच्या वर गुंतवणूकदार, १०२ कोटींच्या आसपास रक्कम, तीन वर्षांची मुदत. भारतीय चित्रांचे भाव तेव्हा वर्षागणिक वाढत होते. मग २००८ ची मंदी आली. २००९ मध्ये मुदत संपली तेव्हा पैसे परत द्यायचे होते आणि चित्रं घ्यायला बाजारात कुणी नव्हतं. पैसे अडकले. २०१३ मध्ये सेबीने ही विनानोंदणी सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचं ठरवून पैसे परत करण्याचा आदेश दिला. ओसियान्सकडे चित्रं नव्हती असं नाही. ठरलेल्या तारखेला चित्राचे पैसे होत नाहीत, अडचण ही होती. टोकन लावल्याने ती जात नाही.

सेबीने २००८ मध्येच स्पष्ट केलं होतं की आर्ट फंड हे सामूहिक गुंतवणूक योजनेत मोडतात. सेबी कायद्याच्या कलम ११ एए मधली कसोटी साधी आहे: लोकांचे पैसे एकत्र केले, लोकांनी ते नफ्याच्या आशेने दिले, सांभाळणारा दुसराच आहे आणि रोजच्या कारभारावर गुंतवणूकदारांचा ताबा नाही. चित्राच्या टोकनला या चारही गोष्टी लावून बघा. कायदा 'टोकन' हा शब्द आहे का हे विचारत नाही.

इमारतींच्या हिश्शांसाठी सेबीने मार्च २०२४ मध्ये छोट्या रीट्सचे नियम आणले, किमान ५० कोटींची मालमत्ता आणि किमान १० लाखांची गुंतवणूक अशा अटींसह. गिफ्ट सिटीच्या नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये खऱ्या मालमत्तांच्या टोकनवर सल्लामसलतीचा मसुदा काढला. म्हणजे दार किलकिलं होतंय. पण पार्ल्यातल्या एका कॅनव्हासचे ४० टक्के व्हॉट्सअ‍ॅपवरून लोकांना विकायला त्यातून परवानगी मिळत नाही.

कराचंही बघायला हवं. टोकन आभासी डिजिटल मालमत्ता ठरलं तर नफ्यावर सरळ ३० टक्के कर, विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. जून २०२२ च्या अधिसूचनेत एक सूट आहे: ज्या एनएफटीच्या हस्तांतरणाने प्रत्यक्ष वस्तूची मालकी कायद्याने हस्तांतरित होते, तो या व्याख्येत येत नाही. म्हणजे पुन्हा कन्व्हेयन्सचाच प्रश्न, फक्त आता तो आयकर खात्याने विचारलेला.

पान १४

मित्राच्या पीडीएफकडे परत येतो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'चित्र तुमचंच राहील'. नवव्या पानावर लिहिलं होतं की चित्र बंगळूरच्या एका सुरक्षित गोदामात ठेवावं लागेल, कारण टोकन घेणाऱ्यांना ताबा तटस्थ हातात हवा. मागणी रास्त आहे, मीही टोकन घेतलं असतं तर हेच मागितलं असतं. पण अप्पांच्या समोरची भिंत रिकामी होणार, हे पहिल्या पानावर नव्हतं.

आणि पान १४. चित्राला ठरवलेल्या किमतीच्या २० टक्के वर कुणी मागणी घातली, तर कंपनीचा व्यवस्थापक पूर्ण चित्र विकू शकतो, ६० टक्क्यांच्या मालकालाही ते मान्य करावं लागेल. किंमत कोण ठरवणार? तोच व्यवस्थापक. वॉरहॉलच्या मालकाने बहुमत हातात ठेवून वजन राखलं होतं. इथे ६० टक्के असूनही वजन तिसऱ्याकडे जात होतं. मी मित्राला म्हटलं, "टक्केवारी बघू नकोस. चित्र कधी, कितीला आणि कुणाच्या सहीने विकलं जाईल, ते कुठल्या कलमात आहे तेवढं शोध." टोकन विकत घेणाऱ्यानेही हेच कलम आधी वाचावं.

त्याने कंपनीला तीन प्रश्न पाठवले: चित्र कुणाच्या नावावर होणार, सेबीची नोंदणी कुठली, आणि पान १४ काढता येईल का. तिसऱ्याला उत्तर आलं की ते 'स्टँडर्ड कलम' आहे. दुसऱ्याला उत्तर आलं की हे तंत्रज्ञानाचं व्यासपीठ आहे, त्यामुळे नोंदणीचा प्रश्न येत नाही. पहिल्यासाठी फोनवर बोलू म्हणाले.

मधल्या काळात बहिणीने एका लिलावगृहाकडून नुसता अंदाज मागवला. त्यांनी किंमत सांगायच्या आधी विचारलं, चित्र त्या चित्रकाराचंच आहे याचा कागद काय? फीच्या बदल्यात दिलेल्या चित्राला बिल कुठलं असणार. अप्पांना आठवतंय की दवाखान्याच्या उद्घाटनाच्या फोटोत ते चित्र मागे दिसतं आणि चित्रकाराचं एक पत्रही होतं. आता दोघं भावंडं रविवारी माळ्यावरच्या ट्रंका उघडून आजोबांच्या फायली बघतायत. फोटो सापडलाय. पत्र अजून सापडायचंय.